नगरच्या फरारबाई

आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्याच्या माथ्यावर जन्मतःच तीन ऋणें सांगितलीं आहेत. देवऋण यजनानें, पितृऋण संततीनें आणि ऋषिऋण अध्ययनानें फेडावें, अशी ती व्यवस्था आहे. पहिल्या दोहोंची आठवण घरोघरीं कुळाचारांत व पितृपक्षांत होतेच. तिसऱ्याची मात्र सहसा होत नाहीं. प्रस्तुत लेखकानें उभी हयात शाळेच्या खोलींत काढली असल्यामुळें ही उणीव त्यास विशेष जाणवते. विद्या घेतांना धनकोचें कुलगोत्र आपण विचारलें नसेल, तर ऋण फेडतांनाही तें विचारूं नये, हा न्याय सरळ आहे. त्या न्यायानें जिची आठवण आपल्या घरांतून व्हावयास हवी, पण होत नाहीं, अशा एका परदेशी, परधर्मी व आजन्म अविवाहित राहिलेल्या शिक्षिकेचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों. तिचें नांव मिस सिंथिया फरार.

फरारबाईंचा जन्म १७९५ सालीं अमेरिकेंतील न्यू हँपशायर प्रांतांत मार्लबरो या खेडेगांवीं झाला. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांतील या मुलखास न्यू इंग्लंड म्हणतात. तेथें जाऊन वस्ती करणारे इंग्रज लोक मोठे धर्मनिष्ठ होते. प्रत्येकानें, पुरुषानें तसेंच स्त्रीनेंही, आपलें धर्मपुस्तक स्वतः वाचलें पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आणि वाचावयाचें तर अक्षरओळख हवी, म्हणून प्रार्थनामंदिराच्या मागोमाग शाळा आलीच. त्याच मुलखांतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें १६४७ सालीं असा कायदा केला कीं, ज्या गांवीं पन्नास घरें असतील त्या गांवानें मुलांस लिहावाचावयास शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे. पुढें लहान मुलांच्या उन्हाळी शाळा तरुण स्त्रियांनीं चालवाव्या असा तेथें प्रघात पडला. आपल्याकडे स्त्रीनें धूळपाटीस हात लावणें हेंच नवल होतें, त्या काळीं तिकडे खेडोपाडींच्या शाळांतून बायका मुलांना बाराखडी शिकवीत होत्या. फरारबाईही मायदेशीं कित्येक वर्षें शिक्षिकाच होत्या.

त्यांचें चर्चही याच मातींतलें. त्या पंथांत बिशप नाहीं, मूर्ति नाहीं, थाटमाट नाहीं. गांवची मंडळी आपला उपदेशक आपण निवडते व आपला कारभार आपण पाहते. दर रविवारीं सर्वांनीं एकत्र जमावें, स्तोत्रें म्हणावीं, प्रवचन ऐकावें आणि उरलेले सहा दिवस ऐकलेलें आचरणांत आणावें, एवढाच त्यांचा साधा बाणा. फरारबाईंचे सहा दिवस शाळेंत जात.

या पंथाच्या मंडळींनीं १८१० सालीं परदेशांत धर्मप्रसार करण्यासाठीं ‘अमेरिकन बोर्ड’ नांवाची संस्था स्थापन केली. तिचे पहिले मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले. १८२४ सालीं त्यांनीं तेथें मुलींसाठीं शाळा काढली. शाळा वाढूं लागल्या, पण त्या पाहावयाच्या कोणीं? मिशनऱ्यांच्या बायका हें काम करीत. परंतु प्रपंच, बाळंतपणें, परक्या हवेंतील दुखणीं यांतून त्यांचा जीव मोकळा होत नसे. मृत्यूचा फेरा तर सतत चालूच असे. या मिशनचे मूळ पुरुष गॉर्डन हॉल हे १८२६ सालीं नाशिकच्या बाजूस फिरतीवर असतां पटकीनें वारले. अशा स्थितींत मुंबईच्या मंडळींनीं बोर्डाकडे मागणी केली कीं, केवळ मुलींच्या शाळांसाठींच एखादी शिक्षिका पाठवावी. बोर्डानें फरारबाईंची निवड केली. लग्न न झालेल्या स्त्रीस एवढ्या दूर स्वतंत्र कामगिरीवर धाडणें ही गोष्ट अमेरिकेंतही त्या वेळीं जवळजवळ नवीच होती. बाई १८२७ च्या उन्हाळ्यांत बोस्टनहून जहाजानें निघाल्या, त्या कलकत्त्यावरून त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईस पोंचल्या. त्या वेळीं त्यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें.

येथें आल्यावर त्यांनीं प्रथम मराठी शिकावयास घेतली. नंतरचें काम मात्र ज्यानें शाळाखात्यांत नोकरी केली आहे त्यालाच नीट कळेल. मुलींच्या शाळा एका इमारतींत नव्हत्या. शहरांत ठिकठिकाणीं विखुरलेल्या होत्या. शिकविणारे बहुधा आपल्यांतलेच ब्राह्मण पंतोजी, कारण शिकलेली स्त्री मिळणार कोठून? या पंतोजींना मिशनचीं धर्मविषयक प्रश्नोत्तरेंही मुलींकडून पाठ करून घ्यावीं लागत. स्वतः स्नानसंध्या करून यावें आणि शाळेंत ख्रिस्ती प्रश्नोत्तरें घोकवावीं, असा तो चमत्कारिक प्रकार होता. पण पोटापुढें इलाज नसतो, आणि त्यांच्या जागीं आपण असतों तर काय केलें असतें, याचा विचार करून मगच हंसावें. बाईंनीं शाळाशाळांतून हिंडावें, मुलींचें वाचन, लेखन, अंकगणित तपासावें, शिवण शिकवावें आणि गैरहजर मुलींची चौकशी करावी, असा क्रम असे.

या कामांतील खरी अडचण पुढेंच होती. मुलगी आठनऊ वर्षांची झाली कीं तिचें लग्न होई. अक्षरें जुळवून वाचावयास लागते न लागते तोंच ती सासरीं जाई आणि तिची पाटी कायमची पडवींत पडे. आम्ही मुलांना वर्षानुवर्षें एकेक इयत्ता वर चढतांना पाहिलें. बाईंना तें सुख क्वचितच मिळालें. तशांत, बायको लिहावाचावयास शिकली तर तिला वैधव्य येतें, अशी समजूत घरोघर पसरलेली. दरसाल नवीं मुलें, दरसाल पुन्हा बाराखडी, आणि हातांत आलेलें पीक दरसाल दुसऱ्याच्या घरीं! अशा शेतांत एखादीनें तीसचाळीस वर्षें टिकून राहावयाचें, तर तिची निष्ठा केवळ फळावर अवलंबून असून चालणार नाहीं.

दहा वर्षांत त्यांची प्रकृति ढासळली. १८३७ सालीं त्या मायदेशीं परतल्या. तेथेंच राहिल्या असत्या तर कोणी नांवें ठेविलीं नसतीं. परंतु १८३९ सालीं त्या पुन्हा आल्या आणि या वेळीं मिशनच्या अहमदनगर येथील ठाण्यावर गेल्या. आज ज्यास अहिल्यानगर म्हणतात तें हेंच शहर. तेथें या मिशनचें काम १८३१ पासून चालू होतें. पुढचें सारें आयुष्य बाईंनीं नगरास मुलींच्या शाळा चालविण्यांत घालविलें.

आतां येथें एका गोष्टीचा उच्चार स्पष्टपणें केला पाहिजे. बाईंचा हेतु केवळ विद्यादानाचा नव्हता. लोकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, हाच त्यांचा व त्यांच्या मंडळीचा उद्देश होता, आणि तो त्यांनीं कधीं लपविला नाहीं. आपल्या वाडवडिलांची धास्तीही निराधार नव्हती. १८४३ सालीं नारायण शेषाद्रि या ब्राह्मण तरुणानें मुंबईंत बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयी भाऊ श्रीपत यास कोर्टाच्या हुकुमानें बापाच्या स्वाधीन करण्यांत आलें आणि त्यास शुद्ध करून जातींत घेण्याकरितां बाळशास्त्री जांभेकर यांना सनातनी मंडळींशीं केवढा झगडा करावा लागला, हें प्रसिद्धच आहे. असें एखादें प्रकरण झालें कीं आईबाप मिशनच्या शाळांतून मुलें काढून घेत. ज्या आईबापांनीं मुली काढून घेतल्या त्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे; पण आपल्या मुलीवर कोणी दुसऱ्या धर्माचा संस्कार करूं लागला तर आजही आपण काय करूं? त्यांच्या भीतीचा मान राखूनच बाईंच्या कामाचें मोल केलें पाहिजे.

दुसरी बाजू अशी कीं, स्वतः बाईंच्या मंडळींतही शाळेला पहिला मान नव्हता. बोर्डाच्या यादींत स्त्रियांची गणना ‘सहायक’ म्हणूनच होई. १८५४-५५ सालीं बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे हिंदुस्थानांत पाहणीस आले. उपदेश हें मुख्य कार्य, शाळा हें त्याचें केवळ एक साधन, आणि तेंही बेताचेंच असावें, असें त्यांचें मत होतें. म्हणजे नगरच्या वाड्यांतून मुली पाठवावयास लोक भीत, कारण शाळेंत धर्म फार. आणि बोर्डाची तक्रार, कीं शाळेंत धर्म पुरेसा पिकत नाहीं! या दोन दगडांमध्यें राहून बाई पाट्या तपासीत राहिल्या. त्यांना शाळा सोडून दुसरें काम सुचलें नाहीं, यांतच त्यांचा स्वभाव दिसून येतो.

आणि मग जें घडलें तें त्यांच्या स्वप्नींही नसेल. जोतीराव फुले यांनीं आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह नगरास जाऊन फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तेथील शिकविण्याची रीत पाहून आपणांस समाधान वाटलें आणि आपल्या देशांतील स्त्रियांच्या अज्ञानाबद्दल खेद झाला, अशा अर्थाचें जोतीरावांचें निवेदन १८५३ सालच्या ‘ज्ञानोदय’ पत्रांत आलेलें आहे. पुण्यास त्यांनीं मुलींची शाळा काढली ती १८४८ सालीं, बुधवार पेठेंत, भिडे यांच्या वाड्यांत. त्या शाळेंत शिकविणाऱ्या सावित्रीबाईंनींही नगरास फरारबाईंच्या हाताखालीं अध्यापनाचे धडे घेतले होते, असें त्यांच्या चरित्रांतून सांगतात.

जोतीरावांची लेखणी पुढें आम्हां ब्राह्मणांवर फार कठोर चालली, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. तथापि त्या पहिल्या शाळेस वाडा दिला तो भिड्यांनीं आणि नगरच्या भेटींत सोबत होते ते गोवंडे, हेंही तितकेंच खरें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. १८७३ सालीं त्यांनीं स्वतःचा सत्यशोधक समाज काढला. म्हणजे बाईंनीं ज्या हेतूनें बीं पेरलें तो हेतु या ठिकाणीं सफळ झाला नाहीं. पण अक्षराचें बीं मात्र पराकाष्ठेचें फळलें, आणि तेंही त्यांच्या मंडळीच्या कुंपणाबाहेर. सरकारनेंही मुलींच्या शिक्षणास उघड पाठिंबा दिला तो वुडसाहेबांच्या १८५४ च्या खलित्यांत. त्या वेळीं बाईंना या देशांत येऊन सत्तावीस वर्षें होत आलीं होतीं.

२५ जानेवारी १८६२ या दिवशीं फरारबाई नगर येथेंच वारल्या. वय सहासष्ट. मधला अमेरिकेंतील काळ सोडला तर बत्तीस वर्षें त्यांनीं महाराष्ट्रांतील मुलींना शिकविण्यांत वेंचलीं. त्यांच्या हातून एकही मोठा ग्रंथ झाला नाहीं, एकही गाजलेलें भाषण झालें नाहीं. प्राथमिक शिक्षकाच्या आयुष्याचें असेंच असतें. ज्यानें पहिलें अक्षर गिरवून घेतलें, त्याचें नांव मोठेपणीं कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं.

मिशनच्या हातून आपल्याकडे आलेली ही एकच वस्तु नव्हे. याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत काम शिकून गणपत कृष्णाजींनीं पुढें आपला छापखाना घातला व १८३१ सालीं पंचांग छापलें. आणि ज्यांच्या निर्णयसागराच्या सुबक संस्कृत पोथ्यांवर आमच्यासारख्यांचें अध्ययन झालें, ते जावजी दादाजीही लहानपणीं त्याच छापखान्यांत होते. छापील पंचांग आपण देवघरांत ठेविलें, त्यानें आपला धर्म बुडाला नाहीं. मुलीची पाटीही तशीच घरांत आली आणि राहिली.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंति आहे. येत्या दसऱ्यास घरांतील मुलें पाटीवर एकावर एक आंकडे मांडून सरस्वती काढतील, तेव्हां नातवाच्या पाटीशेजारीं नातीची पाटी पूजेस मांडलेली असेल. ती तेथें आपोआप आली नाहीं, हें वडील माणसांनीं मुलांना सांगावें; आणि सांगतांना सावित्रीबाई, जोतीराव यांच्या बरोबरीनें नगरच्या त्या परक्या मास्तरीणबाईंचेंही नांव घ्यावें. ऋषिऋणाची तेवढी तरी फेड आपल्या हातून होईल.