बुंधा काढायचा तर आधी थोडा उभा ठेवा

झाड तोडायला आलेल्या माणसाला आपण हटकून सांगतो, ‘अगदी जमिनीसरशी काप.’ दिसायला ते नीटनेटके दिसते. पण बुंधा मुळासकट काढायचा असेल तर काम तिथेच अवघड करून ठेवलेले असते. चारेक फूट खोड उभे राहिले, तर तोच हातात आलेला दांडा. चार फुटांवर लावलेला जोर अर्ध्या फुटावर लावलेल्या तेवढ्याच जोराच्या आठपट कामाला येतो, हे तरफेचे साधे गणित आहे. छाटणीबद्दल या लेखमालेत बरेच लिहून झाले. या आठवड्याचे म्हणणे एवढेच, की परसातला मध्यम बुंधा दोन माणसांच्या हाताने निघतो, आणि तो ताकदीपेक्षा कामाच्या क्रमाने निघतो.

याचे कारण मुळांच्या रचनेत आहे. सोटमुळाचा आपण उगीच धसका घेतलेला असतो. वाढलेल्या झाडाची बहुतेक मुळे वरच्या दोनेक फूट मातीत आडवी पसरतात आणि तंबूच्या दोऱ्यांसारखी खोडाला चहूबाजूंनी ताणून धरतात. लाकूड तंतूंच्या दिशेने ओढून तोडणे महाकठीण, आडवे कापणे त्या मानाने सोपे. म्हणून दोरखंड बांधून चौघांनी कितीही हिसके दिले तरी बुंधा ढिम्म हलत नाही, आणि चार-पाच जाड मुळे कापली की तोच डुगडुगू लागतो. तेव्हा आधी बुंध्यापासून हातभर रुंदीची चर गोल खणावी, माती घमेल्याने लांब टाकावी, उघडे पडलेले मूळ पाण्याने धुवावे. ही धुण्याची पायरी बहुतेक जण गाळतात आणि माती-खड्यांवर कुऱ्हाडीची धार घालवून बसतात. मूळ दोन ठिकाणी कापावे, बुंध्यालगत आणि चरीच्या बाहेरच्या कडेला. मधला तुकडा निघाला की पुढच्या घावाला जागा होते. मग खोड ढकलून पाहावे. ढकलताना पाठीमागची माती जिथे फुगते, तिथे एखादे मूळ अजून शाबूत आहे. सोटमुळाची पाळी सर्वांत शेवटी येते. बुंधा कलला की पहारीने तोलून धरावा आणि खालून करवत चालवावी.

यात मातीचा ओलावा निम्मे काम करतो. काळ्या जमिनीत मे महिन्यात कुदळ उडते आणि भर पावसात पाय रुततात. पेरणीसाठी आपण जसा वाफसा पाहतो, तसाच तो इथेही पाहावा. कोकणातल्या जांभ्यावर मातीचा थर पातळ, त्यामुळे मुळे उथळ असतात, पण खडकाच्या फटीत घुसलेले मूळ कापूनच सोडून द्यावे लागते.

यावर विचारले जाते, की एवढा घाम कशाला, बुंधा जाळून टाका. ओला बुंधा पेटत नाही, तो धुमसतो. वाळलेला पेटला तर आग मुळांवाटे मातीखाली धुमसत राहू शकते, आणि भिंतीलगत हा खेळ नको. खडे मीठ ओतण्याचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण पुढे त्याच जागी काही लावायचे असते. जेसीबीचा मुद्दा मात्र रास्त आहे. जुन्या आंब्याच्या बुंध्यापुढे हातांनी हार मानावी. पण घरामागच्या बोळात जेसीबी शिरवायचा तर अनेकदा आधी कुंपण पाडावे लागते, आणि त्याच्या वजनाने दबलेली माती पुन्हा भुसभुशीत करण्याचे काम आपल्याच गळ्यात पडते.

‘राहू द्या, आपोआप कुजेल,’ हा आक्षेप सर्वांत वजनदार. जागा मोकळी असेल तर तो मान्यच करावा. कुजणारे लाकूड मातीचे खतच होते. पण सुबाभळीचा बुंधा कुजण्याआधी फुटतो आणि वर्षभरात पुन्हा झाड उभे करतो. नारळाची गोष्ट उलटी आहे. त्याला शेंड्याचा एकच कोंब असल्याने शेंडा गेला की फुटवा नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा ठिकाणी कुजत पडलेले खोड आणि बुंधे म्हणजे गेंड्या भुंग्याला अंडी घालायला आयती जागा. त्याच्या अळ्या कुजक्यात वाढतात आणि भुंगा जाऊन शेजारचा जिवंत माड पोखरतो. म्हणून नारळाचा बुंधा काढलाच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला सोटमूळ नसते, करंगळीएवढ्या जाडीच्या असंख्य मुळांचा झुबका असतो. तिथे एकेक मूळ शोधत बसू नये, कडेने पहार मारत झुबका सुटा करावा.

खड्डा भरताना माती सभोवारच्या पातळीपेक्षा वीतभर उंच ठेवा. उरलेली मुळे कुजतील तशी ती बसते. घराच्या पायाला चिकटलेल्या वड-पिंपळाच्या बुंध्याला मात्र स्वतः हात लावू नका, त्यासाठी जाणकार बोलवा. पहिली कुदळ मारण्याआधी नळाची आणि विजेची लाइन कुठून गेली आहे ते विचारून घ्या. आणि झाड अजून उभेच असेल, तर शहरात 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आधी, कुऱ्हाड नंतर.