बॉयलर दुरुस्त झाला, पण रेडिएटर कोमटच?



आपल्या बडोद्यातील कितीतरी मराठी घरांतली मुले आता इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत आणि नातवंडांच्या ओढीने आपण ऐन थंडीतही तिकडे जातो. गेल्या जानेवारीत आम्ही दोघे लेस्टरला लेकीकडे होतो. नातू चार महिन्यांचा. एके दिवशी बॉयलर बंद पडला. तंत्रज्ञ आला आणि पंप बदलून गेला. नळाला कढत पाणी आले, सगळ्यांना हायसे वाटले. पण रात्री घर काही गरम होईना. खालचे रेडिएटर कोमट, वरच्या मजल्यावरचे जवळजवळ गार. बाळाच्या खोलीत १४ अंश. बाळाच्या खोलीत १६ ते २० अंश असावे आणि आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या खोलीत निदान १८, असे तिकडे सांगतात.

फोन केला तर उत्तर मिळाले, चार दिवसांनी येऊ; बहुधा सगळे पाइप आतून धुवावे लागतील. म्हणजे आणखी काहीशे पौंड. लेक म्हणाली, "बाबा, आता काय करायचं?"

मी बी.कॉम. झालेला बँकवाला, मला यंत्रातले काय कळणार? पण बँकेत एक सवय लागलेली असते. कालपर्यंत हिशेब जुळत होता आणि आज फरक आला, तर आधी आजची व्हाउचरे तपासायची, जुनी खातेवही नाही. इथेही तेच. दुरुस्तीपूर्वी घर गरम होत होते. मग दुरुस्तीत काय काय हलले, तेवढेच आधी पाहायचे.

त्यासाठी यंत्रणा थोडी समजून घेऊ. आपल्याकडच्या गिझरमधले पाणी नळातून निघून जाते. रेडिएटरचे तसे नाही. तेच ते पाणी बंद पाइपांतून फिरत राहते: बॉयलरमध्ये तापते, रेडिएटरमध्ये उष्णता सोडते आणि परत येते. लेकीकडच्यासारख्या 'कॉम्बी' बॉयलरमध्ये नळाच्या पाण्याची वाट वेगळी असते. म्हणून नळाला कढत पाणी येते, याचा अर्थ रेडिएटरची बाजूही ठीक आहे असा नव्हे. पंप बदलताना हे पाणी काढावे लागते. नंतर पुन्हा भरताना आत हवा अडकते, प्रेशर कमी राहू शकते आणि बटणे भलतीकडे फिरलेली असू शकतात. आम्ही याच क्रमाने तपासले.

पहिले, प्रेशर. बॉयलरवर छोटे घड्याळ किंवा आकडा असतो. यंत्रणा थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार हवा. आमचा ०.६ होता. बॉयलरखाली पाणी भरण्याचा व्हॉल्व्ह असतो, तो माहितीपुस्तिकेत पाहून हळूहळू उघडायचा आणि आकडा आला की न विसरता बंद करायचा. उघडा राहिला तर प्रेशर चढत जाते आणि ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकू लागतो. आणि दर काही दिवसांनी प्रेशर पुन्हा उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजावे.

दुसरे, हवा. रेडिएटर खाली गरम आणि वर गार असेल तर वरच्या भागात हवा साचली आहे. हीटिंग बंद करावे, रेडिएटर थंड होऊ द्यावेत. वरच्या कोपऱ्यात चौकोनी तोंडाचा स्क्रू असतो. त्याची चावी हार्डवेअरच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. खाली फडके धरून चावी पाव ते अर्धा फेरा डावीकडे फिरवावी. सूं करून हवा निघते. पाणी आले की लगेच बंद. पाणी काळपट असते, गालिचा सांभाळावा. सुरुवात खालच्या मजल्यापासून करावी. हवा गेली की प्रेशर उतरते, म्हणून आकडा पुन्हा पाहावा.

तिसरे, तापमान. कॉम्बीवर दोन मांडण्या असतात: नळाच्या चित्राची आणि रेडिएटरच्या चित्राची. आमची रेडिएटरची ४५ अंशांवर होती. ती ६० वर नेली. अगदी वरच्या टोकाला नेऊ नये. आजचे कंडेन्सिंग बॉयलर परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांखाली असेल तरच गॅस वाचवतात. मात्र घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल, तर जंतूंच्या भीतीमुळे ६५ च्या खाली आणू नये. शिवाय भिंतीवरचा थर्मोस्टॅटही पाहावा. खोली ठरल्या तापमानाला पोचली असेल तर कोमट रेडिएटर हा दोष नव्हे.

एवढे केल्यावर तासाभरात घर उबदार झाले. एकच रेडिएटर, नेमका बाळाच्या खोलीतला, गारच. त्याच्या बाजूला आकडे असलेली टोपी असते. ती काढली तर आतली पिन खालीच अडकलेली. बोथट वस्तूने हलकेच दोन-चारदा दाबल्यावर ती वर आली. पकडीने ओढू नये; निघाली तर पाण्याचा फवारा उडतो.

बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि लांबचे गार असतील, तर जवळच्यांच्या दुसऱ्या टोकाचा व्हॉल्व्ह थोडा आवळावा लागतो. किती फेरे फिरवले ते कागदावर लिहून ठेवावे. रेडिएटर वर गरम आणि खाली गार असेल, तरच गाळाचा संशय घ्यावा. गाळ वर्षानुवर्षांचा असतो, पण दुरुस्तीत हलून कुठेतरी अडकू शकतो. तेव्हा पाइप धुण्याचा खर्च योग्य ठरतो. आणि तंत्रज्ञाला एक जरूर विचारावे: पाणी बदलल्यावर गंजरोधक रसायन घातले का?

आता सर्वांत महत्त्वाचे. बॉयलरचे झाकण उघडू नये. गॅसचे काम ब्रिटनमध्ये 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्यानेच करावे असा कायदा आहे. त्याचे ओळखपत्र मागायला संकोच करू नये. सगळे रेडिएटर सारखेच कोमट राहिले, तर दोष आतल्या पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा असू शकतो. तिथे आपण थांबायचे. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. गॅसचा वास आला किंवा अलार्म वाजला तर खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि ०८०० १११ ९९९ ला फोन करावा.

चार दिवसांनी तंत्रज्ञ आला. रसायन घातले होते का, हे लेकीने विचारले. राहिले होते. ते त्याने जादा पैसे न घेता घातले. पाइप धुण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

थंडीत मुलांकडे निघालेल्या सभासदांनी हा लेख जवळ ठेवावा. चावी मात्र तिथे गेल्यावरच घ्यावी.