कुंपण न पडलेले गाव

लॅक्स्टनच्या गावमध्यात कोंडवाडा आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशर परगण्यातले हे खेडे न्यूअर्क शहराच्या वायव्येला, शेरवुडच्या जंगलपट्ट्याच्या पूर्वेला वसले आहे. डव्हकोट इन नावाचा पब, सेंट मायकेल चर्च आणि भटकी गुरे डांबायची ही जागा सगळी हाकेच्या अंतरावर. इंग्लंडच्या इतर गावांतही असे कोंडवाडे उरले आहेत. पण तिथे ते का बांधले होते हे आता गावाकडे बघून समजत नाही. लॅक्स्टनमध्ये समजते. गावाबाहेर पडले की बिनकुंपणाचे उघडे शिवार लागते आणि त्यात अनेकांची पिके एकमेकांना खेटून उभी असतात. इथे जनावर सुटले की ते सरळ शेजाऱ्याच्या गव्हात जायचे. म्हणून ते पकडून कोंडणारा पिंडर हा गावाने नेमलेला माणूस होता, आणि दंड भरल्याशिवाय मालकाला जनावर परत मिळत नसे.

मध्ययुगात मध्य इंग्लंडच्या मोठ्या भागात शेती अशीच होत असे. आज ही पद्धत तिच्या नियमांसह, तिच्या न्यायालयासह चालू आहे असे ठिकाण म्हणून लॅक्स्टनचेच नाव घेतले जाते. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशी तीन मोठी शिवारे. प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या या तिन्हींत विखुरलेल्या. एका शिवारात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, तिसरे पड. दर वर्षी पाळी फिरते. पूर्वी पड शिवारात मेंढ्या चरत आणि त्यांच्या खताने जमीन पुन्हा उभारी धरे. आता त्या वर्षी चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा आहे. पाळी मात्र सगळ्यांनी मिळून पाळायची. आपल्या पट्टीत मनाला येईल ते पीक घ्यायची सोय इथे नाही.

जमीन एकत्र न ठेवता अशी विखरून का ठेवली, याचे उत्तर जमिनीतच आहे. माती जड, चिकट. कुठे उतार, कुठे पाणी तुंबते. पट्ट्या विखुरल्या की चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला येते. पट्टीची लांबी-रुंदी औताच्या हिशेबाने ठरलेली असे, साधारण दिवसाच्या नांगरटीएवढी. बैलांची लांबलचक जोडणी टोकाला वळवायला जागा लागे, त्यामुळे जुन्या पट्ट्या किंचित वक्र झाल्या.

गावातली घरेही याच व्यवस्थेने मांडली आहेत. आवर्जून पाहावे असे लॅक्स्टनमध्ये काही असेल तर मुख्य रस्त्याकाठची ही शेतकऱ्यांची घरे. पुष्कळ घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे, शेजारी अंगण, गोठे आणि कोठारे, मागे लांब अरुंद परडे. इतरत्र जमिनींना कुंपणे पडल्यावर शेतकरी गावठाण सोडून आपापल्या एकत्रित जमिनीच्या मधोमध राहायला गेले. इथे जमीन तीन दिशांना असल्याने कोणत्याही एका बाजूला जाऊन राहण्यात अर्थ नव्हता. शेतकरी गावातच राहिला आणि त्याच्याबरोबर गावमध्यही जिवंत राहिला.

गावाच्या उत्तरेला मातीच्या मोठ्या ढिगाऱ्यावरच्या नॉर्मन किल्ल्याच्या खुणा आहेत. 1086 च्या डूम्सडे या जमिनींच्या नोंदवहीत हे गाव जेफ्री अल्सेलिन या नॉर्मन सरदाराच्या नावावर आहे. त्याआधी ते टोची नावाच्या माणसाकडे होते. पुढे गावाचे मालक शेरवुडच्या राजवनाचे रखवालदार बनले, तेव्हा लॅक्स्टनचा दरारा मोठा होता. चर्चमध्ये या मालकांपैकी एव्हरिंगहॅम घराण्याच्या आडव्या स्मारकमूर्ती आहेत, त्यातली एका स्त्रीची मूर्ती ओक लाकडात कोरलेली आहे.

आपल्या किनाऱ्याशी या गावाचे नाते मात्र जुळते ते 1635 साली. त्या वर्षी मार्क पियर्स या मोजणीदाराने लॅक्स्टनचा नकाशा काढला. तो आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात पट्टी-पट्टी दाखवली आहे आणि जागोजागी नांगरणारी, कापणी करणारी, शिकार करणारी इवलीशी माणसे रंगवली आहेत. मोजणी करून घेणारा मालक होता सर विल्यम कोर्टेन, लंडनमधला कापडाचा बडा व्यापारी. त्याचे वडील फ्लँडर्समधून आलेले निर्वासित. बार्बाडोस बेटावर 1627 साली इंग्रजांची वसाहत उभी राहिली ती त्याच्या पैशावर, आणि स्टुअर्ट राजांनाही त्याने कर्जे दिली होती.

नकाशा झाला त्याच वर्षी पहिल्या चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी बाजूला सारून कोर्टेनच्या गटाला पूर्वेकडे व्यापाराचा परवाना दिला. 1636 च्या वसंतात कॅप्टन जॉन वेडेलच्या हुकुमाखाली त्यांची जहाजे निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याला लागली. प्रवासवर्णनकार पीटर मंडी त्याच ताफ्यात होता. पुढे याच गटाच्या वखारी कारवारला आणि राजापूरला निघाल्या. मिरीच्या व्यापारासाठी आपल्या किनाऱ्यावर धडपडणारे भांडवल आणि नॉटिंगहॅमशरच्या चिकणमातीत पट्टी-पट्टी मोजणारे भांडवल एकाच घरचे होते, हे इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असते म्हणून आपल्या लक्षात येत नाही. मालकाला आपली मिळकत नेमकी किती हे हवे होते. त्या हिशेबीपणातून शेतीच्या इतिहासाला एक अमोल दस्तऐवज मिळाला. कोर्टेन स्वतः 1636 मध्येच वारला, मुलगा कर्जात बुडाला आणि गाव पिअरपाँट घराण्याकडे गेले. त्याच घराण्याचे वारस पुढे अर्ल मॅन्व्हर्स झाले.

मग बाकी इंग्लंडमध्ये जे घडले ते इथे का घडले नाही? 1604 ते 1914 या काळात पार्लमेंटने पाच हजारांहून अधिक कायदे करून सुमारे 68 लाख एकर जमिनीला कुंपण घातले. सामाईक चराई गेली, लहान कुळे मजूर झाली. लॅक्स्टनमध्येही हा विचार झाला होता. पण इथे मॅन्व्हर्स आणि स्कारब्रो हे दोन मोठे जमीनदार होते, त्यांचे एकमेकांशी पटले नाही, आणि खर्चही मोठा होता. गरिबांच्या हक्काची कुणाला कळकळ होती म्हणून हे शिवार वाचले असे म्हणता आले असते तर बरे वाटले असते. ते वाचले दोन लॉर्डांच्या बेबनावामुळे. 20व्या शतकाच्या सुरुवातीला मॅन्व्हर्सने पट्ट्यांची संख्या कमी करून त्या मोठ्या केल्या, पण पद्धत मोडली नाही. नंतर ऑक्सफर्डच्या सी. एस. ऑर्विन यांनी पत्नीसह या गावाचा अभ्यास केला. त्यांचे ‘द ओपन फील्ड्स’ हे पुस्तक 1938 मध्ये आले आणि लॅक्स्टन अभ्यासकांच्या नकाशावर आले.

पद्धत टिकवण्याचे रोजचे काम मात्र गावकऱ्यांचेच. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी बारा जणांची ज्युरी त्या वर्षीच्या गव्हाच्या शिवारात उतरते. ज्युरी शेतकऱ्यांचीच. पट्टीच्या कडेने चालत ते एकच गोष्ट पाहतात: कुणी बांध कोरला आहे का? नांगर वाटेवर गेला का, गवताची पट्टी कुणी आत ओढली का? जिथे हद्द पुसट झाली तिथे खुंट ठोकतात. मग डव्हकोट इनमध्ये जेवण आणि दंडाची चर्चा. पुढच्या गुरुवारी त्याच पबमध्ये मॅनरचे, म्हणजे जुन्या जमीनदारीचे, न्यायालय भरते, कारभारी निवाड्यांची नोंद घेतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी शपथ घेते. दंड किरकोळ असतो. पण ज्याच्याकडून तो घेतला जातो, तोच पुढे कधीतरी ज्युरीत बसणार असतो, आणि माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ तिथे आहे. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालवणाऱ्या आपल्या गावांना यातले मर्म सांगावे लागणार नाही. 1977 च्या कायद्याने इंग्लंडमधल्या अशा जुन्या न्यायालयांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या न्यायालयाचा अपवाद केला गेला.

शिवारात नांगराला न येणारे ओले, उताराचे तुकडे आहेत. त्यांना तिथे साइक म्हणतात. त्यांवर गवत राखतात आणि दर उन्हाळ्यात त्या गवताचा लिलाव होतो. शतकानुशतके न नांगरल्याने तिथे जुन्या कुरणांतली रानफुले टिकली, आणि आता हे साइक संरक्षित क्षेत्र आहेत.

मालकी बदलत राहिली. 1952 मध्ये सहाव्या अर्ल मॅन्व्हर्सने ही पद्धत टिकावी म्हणून गाव कृषी मंत्रालयाला विकले. पुढे सरकारला ते नकोसे झाले, तेव्हा आरडाओरडा झाला आणि 1981 मध्ये ते राजघराण्याच्या मिळकतींचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेटकडे आले. 2020 मध्ये क्राउन इस्टेटनेही ते सोडले, आणि घेणारे होते थोर्सबी इस्टेट, म्हणजे मॅन्व्हर्सच्याच वारसांची मिळकत. मोठ्या यंत्रांना लहान पट्ट्या परवडत नाहीत, आणि गावात राहून त्या कसायला तयार असणारी कुळे मिळणे सोपे राहिलेले नाही. नव्या-जुन्या मालकांपुढचा खरा प्रश्न तोच आहे.