एका दिवसाची शस्त्रक्रिया आणि मन शांत करणारी गोळी

पहाटे नरडाण्याहून निघावे, धुळ्यात शस्त्रक्रिया व्हावी आणि दिवेलागणीला घरी परतावे, यात आता नवल राहिलेले नाही. कल्पनाही जुनीच आहे. ग्लासगो येथील शल्यविशारद जेम्स निकोल यांनी रुग्णालयात मुक्काम न करविता झालेल्या मुलांच्या ८,९८८ शस्त्रक्रियांचा वृत्तान्त १९०९ मध्येच प्रसिद्ध केला होता. मात्र त्याच दिवशी घरी येणे आणि त्याच दिवशी पूर्ववत होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद कुटुंबाने आधीच ध्यानात घेतला पाहिजे.

पूर्ण भूल देण्यापूर्वी भीती कमी व्हावी म्हणून आदल्या रात्री किंवा त्याच सकाळी अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारखी शामक गोळी देण्याची प्रथा आहे. तिचा लाभ किती, हे फ्रान्समधील पाच रुग्णालयांत १,०६२ रुग्णांवर तपासले गेले. निष्कर्ष २०१५ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सत्तरीच्या आतील या रुग्णांपैकी एका गटाला लोराझेपाम, दुसऱ्याला तशीच दिसणारी औषधविरहित गोळी दिली; तिसऱ्याला काहीच दिले नाही. रुग्णांच्या समाधानात फरक पडला नाही. अधिक घाबरलेल्यांतही तो दिसला नाही. उलट, श्वासासाठी घातलेली नळी काढण्यास लोराझेपामच्या गटात १७ मिनिटे लागली, इतर दोन गटांत १२ ते १३. स्मरण व आकलन लवकर पूर्ववत झालेल्यांचे प्रमाण लोराझेपाम घेतलेल्यांत ५१ टक्के, औषधविरहित गोळी घेतलेल्यांत ६४, तर काहीच न घेतलेल्यांत ७१ टक्के होते.

याचा अर्थ गोळी सर्वांनाच वर्ज्य, असा नव्हे. अतिशय भयभीत रुग्णाला भूलतज्ज्ञ विचारपूर्वक ती देऊ शकतात. नित्य झोपेची गोळी घेणाऱ्याने ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. वयोवृद्ध आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्यांच्या बाबतीत मात्र विशेष सावधगिरी हवी. 'ही गोळी मला खरोखर आवश्यक आहे का?' हा प्रश्न भूलतज्ज्ञांना नम्रपणे विचारण्यात संकोच नसावा. भूल कशी दिली जाईल, जाग आल्यावर काय जाणवेल, हे त्यांच्याकडून समजून घेतल्यानेही पुष्कळ भय ओसरते.

चौविहार पाळणाऱ्यांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रात्रीची गोळी पाण्यासह घ्यावी लागते. ती अनावश्यक ठरली तर नियमही अबाधित राहतो. दुसरीकडे, प्रचलित संकेतानुसार भुलेपूर्वी हलका आहार सहा तास, तर साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. सूर्योदय साडेसहाला असेल तर नवकारशी ७ वाजून १८ मिनिटांनी येते. म्हणजे साडेनऊनंतरच्या शस्त्रक्रियेपूर्वी थोडे पाणी घेण्यास वाव असतो. मात्र हे गणित घरी न मांडता डॉक्टरांसमोर ठेवावे. मधुमेह असल्यास किंवा उपवास, आयंबिल चालू असल्यास ते अवश्य सांगावे. शस्त्रक्रियेनंतर रात्री वेदनाशामक औषध कसे घ्यायचे, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.

घरी परतल्यावरची दक्षता व्यापारी कुटुंबाने अधिकच पाळावी. रुग्ण बोलतो, हसतो, हिशेबही विचारतो. पण भुलेचा व शामक औषधाचा अंमल पूर्णतः उतरलेला नसतो. लोराझेपामचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यासच सुमारे बारा तास लागतात. म्हणून किमान २४ तास वाहन चालवू नये, यंत्राजवळ जाऊ नये, धनादेशावर वा भागीदारीच्या कागदावर सही करू नये, मोबाईलवरून रक्कम पाठवू नये. पहिल्या रात्री एक जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत हवीच. श्वास घेण्यास त्रास, न थांबणारा रक्तस्राव, वारंवार उलट्या किंवा जागे करूनही न उतरणारी गुंगी दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरताच पेढीचे त्या दिवसाचे आणि दुसऱ्या दिवसाचे व्यवहार मुलाकडे, सुनेकडे वा विश्वासू मुनिमाकडे सोपवावेत. आवश्यक सह्या आदल्या दिवशीच उरकाव्यात.