पाइनच्या वासातून ढगांपर्यंत

फिनलंडमधल्या ह्युतियाला इथे १९६२मध्ये लावलेलं पाइनचं जंगल आहे. १९९६पासून तिथली हवा सतत मोजली जाते. वसंतात निरभ्र दिवशी ऊन चढलं, की उपकरणं एकाएकी ३ नॅनोमीटरच्या आसपासचे असंख्य कण नोंदवू लागतात. हे कण ताशी जेमतेम दोन-चार नॅनोमीटरनं वाढतात. दिवसभराचा आलेख काढला, तर तो केळ्यासारखा वर वळत जातो. तिथले शास्त्रज्ञही त्याला केळंच म्हणतात!

धूळ किंवा परागकण उडतात ते आधीच कण असतात. इथे मात्र वायूतून कण जन्मतो. हवेतल्या सल्फर डायऑक्साइडचं उन्हामुळे सल्फ्युरिक आम्ल बनतं आणि त्याचे मोजके रेणू अमोनियासारख्या रेणूंना धरून एकत्र येतात. खरी कसोटी पुढे असते. एक-दोन नॅनोमीटरच्या पुंजक्यावरून रेणू सहज निसटतात, त्यामुळे तो विरून जातो. हवेत जुने, मोठे कण भरपूर असतील, तर त्यांना चिकटून संपतो. जन्मणाऱ्यांतले फार थोडे तगतात.

त्यांना वाढवतं ते झाडच. रंगकामाच्या टर्पेंटाइनला जो वास येतो, त्यातला एक प्रमुख घटक अल्फा-पायनिन. पाइनच्या सुयांमधून तो सतत बाहेर पडतो. ओझोननं त्याच्यावर हल्ला केला, की त्याचा रेणू आपण होऊन एकामागून एक ऑक्सिजन ओढून घेतो आणि थोड्याच वेळात इतका जड होतो, की ज्या कणाला भिडेल त्याला चिकटून बसतो. हे २०१४मध्ये उलगडलं. कण ५० ते १०० नॅनोमीटरचा झाला, की त्यावर ढगाचा थेंब धरू शकतो.

सर्न या युरोपातल्या संशोधनसंस्थेच्या प्रयोगकक्षात २०१६मध्ये त्याहून मोठी गोष्ट दिसली: सल्फ्युरिक आम्ल नसतानाही अल्फा-पायनिनपासून बनलेली ही वाफ एकटीनं कण घडवू शकते. कारखान्यांच्या आधीचं आकाश आपण समजत होतो तितकं कणविरहित नसावं, असा त्याचा अर्थ. हवामानाच्या गणितात हा मुद्दा क्षुल्लक नाही, कारण माणसानं ढग किती बदलले हे त्या जुन्या आकाशाशी तुलना करूनच ठरतं.

ॲमेझॉनमध्ये मात्र जमिनीलगत असे नवे कण क्वचितच सापडतात. तिथली झाडं मुख्यतः आयसोप्रीन सोडतात आणि ते कणनिर्मितीला उलट अडथळाच करतं. तरीही वरच्या हवेत कणांची गर्दी का, याचं उत्तर २०२४मध्ये मिळालं. रात्रीची वादळं आयसोप्रीन उचलून वर नेतात. सूर्य उगवला, की विजांमुळे बनलेली नायट्रोजन ऑक्साइड्स आणि कडाक्याची थंडी यांच्या साथीनं त्याच आयसोप्रीनपासून आठ किलोमीटरहून अधिक उंचीवर कण तयार होतात.