उतरत जाणारा पुरावा

७ जुलै २०२४ च्या पहाटे मुंबईत वरळीला मोटारीने दुचाकीवरच्या दाम्पत्याला उडवलं. पत्नीचा जीव गेला. पळालेला चालक दोन दिवसांनी सापडला. तो दारू प्यायला असल्याचा संशय होता, पण एवढ्या उशिरा रक्त काय सांगणार? कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. हे प्रमाण शरीर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅमने उतरवतं. मग सगळी भिस्त बारची बिलं, सीसीटीव्ही आणि साक्षीदारांवर.

वरळीत निदान चालक तरी सापडला; पण धडक देणाऱ्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर वारसांना २ लाख रुपये मिळतात. एप्रिल २०२२ पूर्वी ही रक्कम अवघी २५ हजार होती! अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. दुःखात बुडालेल्या घराला हे कुणीतरी सांगायला हवं.