उलट्या जारमधले पाणी कोण धरून ठेवते?

20 लिटरचा पाण्याचा जार डिस्पेन्सरवर उलटा ठेवला की थोडे पाणी खालच्या टाकीत उतरते, दोन-चार मोठे बुडबुडे गुडगुडत वर जातात आणि सारे शांत होते. जारचे तोंड उघडे असूनही उरलेले पाणी जागचे हलत नाही.

ते धरून ठेवते बाहेरची हवा. उदाहरणार्थ, नवी मुंबईतले करावे हे गाव ठाणे खाडीच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. तेथे हवेचा दाब साधारण 1010 हेक्टोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो वजनाइतका असतो. टाकीतल्या पाण्यावर पडणारा हा दाब पाण्यातून सर्व दिशांना पोहोचतो आणि जारच्या तोंडाशी वरच्या दिशेने रेटा देतो. एवढ्या रेट्यावर पाण्याचा दहा मीटरहून उंच स्तंभ तोलला जातो. जारमधले पाणी तर हातभरही उंच नसते. तरीही ते वर उसळत नाही, कारण त्याच्यावर हवा कोंडलेली असते. सुरुवातीला पाणी जरासे उतरले की ही हवा पसरते आणि तिचा दाब घटतो. पाण्याची उंची 40 सेंटीमीटर असेल, तर बाहेरच्यापेक्षा चार टक्के दाब कमी होताच तोल साधतो. वरची पोकळी पाणी ओढून धरते, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. हवा ओढत नाही, फक्त ढकलते.

नळ सोडल्यावर टाकीतली पातळी जारच्या तोंडाखाली जाते, एक बुडबुडा आत शिरतो आणि तेवढेच पाणी खाली येते. जारच्या वरच्या भागाला बारीक तडा गेला, तर मात्र हवा सतत आत येत राहते, दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि टाकी भरून वाहू लागते. उन्हात ठेवलेला जारही असाच दगा देतो. आत 10 लिटर हवा असेल आणि तापमान 30 अंशांवरून 40 वर गेले, तर हवा फुगून 300 मिलिलिटरहून अधिक पाणी खाली रेटते.

बाहेरचा दाब उतरला तरी हेच घडते, अर्थात कमी प्रमाणात. मुंबई परिसरात जानेवारीपेक्षा जुलैतला दाब सुमारे 10 हेक्टोपास्कलने, म्हणजे एक टक्क्याने कमी असतो. वादळाची चाहूल देणाऱ्या जुन्या काचेच्या जलदाबमापकाचे तत्त्व हेच होते: बंद फुग्यातली हवा पसरली की बाजूच्या उघड्या नळीत पाणी चढे. करावे येथील टी. एस. चाणक्य या संस्थेत व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडतात. त्यांच्या व्यवसायात दाबाची अशी घसरण ही धोक्याची सूचना असते.

विहिरीवरच्या पंपातही पाणी वर ढकलते ती बाहेरची हवाच, म्हणून त्यालाही तिच्या दाबाची मर्यादा पडते. इटलीत टोरिचेल्ली यांनी 1643 च्या सुमारास पाऱ्याचा स्तंभ 76 सेंटीमीटरवरच थांबतो, हे दाखवले. पाण्यासाठी तीच उंची 10.3 मीटर भरते. प्रत्यक्षात पंप सात-आठ मीटरच्या वर पाणी खेचू शकत नाही, म्हणून खोल विहिरीत तो काठावर न बसवता आत, पाण्याजवळच्या कट्ट्यावर बसवतात.